क्लिपलेस पायडल: पाय सुटण्याची गोष्ट

आजचा भाग मी शहागडहून रेकॉर्ड केलाय. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर चालवून घ्या. आमचं गाव सोलापूर-धुळे हायवेवर, गोदावरीच्या काठाला आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा लागतो. गावात डोंगर नाही. सगळ्यात मोठा उतार म्हणजे नदीकडे जाणारी वाट. अशा ठिकाणी बसून मी डाउनहिल सायकलच्या पायडलवर बोलणार, म्हणजे तुम्ही हसणारच. हसा. पण कारण ऐका.

मी नोकरीला पुण्यात. शनिवार-रविवार टेकड्यांवर माउंटन बाइक चालवायची, हे तीन वर्षं चाललं होतं. गेल्या वर्षी एका वळणावर पुढचं चाक दगडाला अडलं आणि मी डावीकडे कलंडलो. वेग किती? माणूस चालतो तेवढा. पण बूट पायडलमधून सुटलाच नाही. सायकल पडली, तिच्याबरोबर मीही पडलो, आणि गुडघा पिळवटला. अस्थिबंध थोडा फाटला. ऑपरेशन टळलं, पण पट्टा, फिजिओथेरपी आणि वर्क फ्रॉम होम हे सगळं आलं. दोष कुणाचा? माझाच. आधी एकदा उतारावर पाय निसटला होता म्हणून पायडलचा स्क्रू मीच घट्ट केला होता.

घरी आल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला. "तो पाय अडकवायचा कशाला असतो रे?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा भाग.

आधी नावाचा घोळ मिटवू. 'क्लिपलेस' म्हणजे क्लिप नसलेलं. पण त्यात बूट तर खटकन अडकतो! मग हे नाव का? कारण जुन्या रेसिंग सायकलींना पायडलच्या पुढे बोटांसाठी एक पिंजरा असायचा. त्याला टो-क्लिप म्हणायचे. त्यातून चामड्याचा पट्टा जायचा. चालवणारा बूट आत सरकवायचा आणि हातानं पट्टा आवळायचा. थांबायचं असेल तर आधी वाकून पट्टा सैल करायचा. विसरला की धाडकन रस्त्यावर. हा पिंजरा नसलेलं पायडल आलं, ते क्लिपलेस.

आपण लहानपणी हाफ पायडल मारत सायकल शिकलो, त्या सायकलीचं रबरी पायडल आठवा. त्यावर पाय नुसता ठेवायचा. पाय वाटेल तेव्हा खाली. म्हणजे या गोष्टीत एका टोकाला पाय मोकळा आहे आणि दुसऱ्या टोकाला पाय बांधलेला. मधली सव्वाशे वर्षं माणसं या दोन टोकांच्या मध्ये काहीतरी शोधत राहिली.

कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या चार्ल्स हॅन्सननं १८९५ मध्येच पट्ट्याशिवाय बूट धरणारं पायडल मांडलं होतं. ते काही रुळलं नाही. मग थेट १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीच्या चिनेल्ली कंपनीनं एम-७१ काढलं. बुटाच्या तळव्याला एक पट्टी असायची, तिला क्लीट म्हणतात. ती पायडलमध्ये सरकून पक्की बसायची. धरणं एकदम झकास. पण सोडवायला खाली हात घालून खटका ओढावा लागायचा. पडताना हात तिकडे कोण नेणार? लोक त्याला 'डेथ क्लीट' म्हणायला लागले.

म्हणजे बघा, पाय धरायचं कोडं तेव्हाच सुटलं होतं. अडलं होतं ते सोडण्यावर. आणि त्याचं उत्तर सायकलवाल्यांकडून आलं नाही. ते आलं बर्फावरून.

स्कीइंगमध्ये बूट लांब फळीला बांधलेला असतो. माणूस पडला की फळी फिरते, आणि बूट सुटला नाही तर पाय मोडतो. नॉर्वेहून अमेरिकेत आलेला यालमार हाम नावाचा नामांकित स्कीपटू होता. १९३७ मध्ये त्याचाही पाय मोडला. हॉस्पिटलमध्ये पडल्यापडल्या त्याला सुचलं, की ठरावीक जोराच्या पुढे पीळ बसला तर बूट आपोआप सुटला पाहिजे. त्यानं तशी बंधनं बनवून विकलीही. मोडलेल्या पायातून आलेलं डिझाइन! माझा पट्टा बांधलेला गुडघा समोर उशीवर असताना मी हे वाचत होतो. जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढे फ्रान्समधल्या नेव्हेर गावच्या लूक कंपनीनं याच तत्त्वावर स्कीची बंधनं बनवून नाव कमावलं. तिथला डोकेबाज माणूस म्हणजे जाँ बेल. १९८४ मध्ये लूकनं हीच युक्ती सायकलच्या पायडलला लावली. पुढे दाबा, खट्ट, पाय बसला. टाच बाहेर फिरवा, पाय सुटला. हात लावायची गरजच नाही.

हे पायडल जगाला दाखवलं बेर्नार इनोनं. हा फ्रेंच सायकलपटू १९८२ पर्यंत चार वेळा टूर द फ्रान्स जिंकला होता. पण त्याचा गुडघा त्रास द्यायचा. १९८० मध्ये सगळ्यात पुढे असताना, पिवळी जर्सी अंगावर असताना, त्याला गुडघ्यामुळे शर्यत सोडावी लागली. १९८३ ची टूर तर हुकलीच, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मग तो उद्योजक बेर्नार तापीच्या नव्या संघात गेला. तापीनं लूक कंपनीही विकत घेतली होती. म्हणजे संघ त्याचा आणि पायडलही त्याचंच. जाहिरात होतीच, हे विसरू नका. १९८४ मध्ये इनो दुसरा आला. १९८५ मध्ये लूकच्या पायडलवर त्यानं पाचवी टूर जिंकली. पायडलमुळे जिंकला असं मी म्हणणार नाही. पण दुखापतीतून परतलेल्या माणसाच्या पायात ते होतं, हे खरं. त्यानंतर काही वर्षांतच मोठ्या शर्यतींतून चामड्याचे पट्टे गायब झाले.

पण गुडघ्यांची गोष्ट तिथे संपली नाही. लूकच्या सुरुवातीच्या क्लीट पायाला एकाच कोनात जखडायच्या. प्रत्येकाचा गुडघा थोडा वेगळा वळतो, त्यामुळे तक्रारी आल्या. १९८७ मध्ये नेव्हेरलाच टाइम नावाची कंपनी उभी राहिली. तिच्यामागे परत जाँ बेलच. टाइमच्या पायडलवर पाय अडकलेला असतानाही टाच थोडी इकडे-तिकडे हलायची. याला फ्लोट म्हणतात. आपल्या बैलगाडीच्या चाकाला आसावर थोडी जागा असते ना, तसंच समजा.

आता डोंगराकडे वळू. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमल्पायसजवळ काही पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्यावरून खाली शर्यत लावायला लागली. उतरेपर्यंत मागच्या ब्रेकचं ग्रीस जळून जायचं. ते परत भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. पायडल अर्थात मोकळी. १९९० मध्ये अमेरिकेतल्या डुरँगोला माउंटन बाइकचं पहिलं अधिकृत विश्वविजेतेपद झालं आणि त्यात डाउनहिल होतं. त्याच वर्षी जपानच्या शिमानोनं एसपीडी पायडल आणलं. त्याची क्लीट लहान, बुटाच्या तळव्यात बुडालेली, त्यामुळे उतरून चालता येतं. आणि धरायची ताकद कमीजास्त करायला एक छोटा स्क्रू. हाच स्क्रू मी पिळून ठेवला होता.

चिखलाचाही प्रश्न होता. आपली काळी माती पावसात बुटाला कशी बसते, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. क्लीटमध्ये ती भरली की पाय बसतही नाही आणि नीट सुटतही नाही. टाइमचं अटॅक आणि पुढे क्रँक ब्रदर्सचं एगबीटर अशा उघड्या रचनांमधून चिखल खाली पडून जातो. फक्त एगबीटरला सैल-घट्ट करायचा स्क्रू नसतो. त्यात किती फिरवल्यावर पाय सुटणार, हे क्लीट कशी लावली यावर ठरतं.

मग डाउनहिलला पाय अडकवायचाच कशाला? आईच्या प्रश्नाचं उत्तर असं: दगडांवरून वेगात उतरताना सायकल खालून उडत असते आणि मोकळा पाय पायडलवरून उडतो. अडकलेला पाय जागेवर राहतो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल मोकळ्या, म्हणजे फ्लॅट पायडलवर २००६, २००७ आणि २०१० मध्ये डाउनहिलचा विश्वविजेता झाला. पुढे २०१७ ते २०१९ सलग तीन वर्षं एंड्युरो मालिकाही त्यानं तशीच जिंकली. म्हणजे 'क्लिपलेस नसेल तर जमणारच नाही' हे कुणी सांगितलं तर त्याला हे नाव सांगा.

आता माझी निवड. इतकी वर्षं मी दुकानात विचारायचो, "धरतं कसं?" आता विचारतो, "सुटतं कसं?" आणि गुडघा दुखावलेल्याला अजून एक अडचण असते. क्लिपलेस सुटतं ते टाच फिरवून, आणि पीळ तर गुडघ्याला नको असतो. म्हणून पहिली परवानगी फिजिओची. टाच बाहेर फिरवताना दुखत असेल तर पायडलचा विषय तिथेच बंद.

माझं दुखणं थांबल्यावर मी मधे स्प्रिंग आणि भोवती रुंद पिंजरा असलेलं पायडल घेतलं. पाय न अडकवताही त्यावर उभं राहता येतं. स्क्रू पूर्ण सैल. क्लीट शिमानोची एसएच-५६, जी एकाच दिशेला नाही तर बऱ्याच दिशांना सुटते. तोटा असा, की पाय वर झटकला तरी ती सुटू शकते. मला सध्या तो तोटा परवडतो. क्लीट बुटावर थोडी मागे सरकवली, म्हणजे उतारावर उभं राहताना भार तळव्याच्या मधल्या भागावर येतो. आणि क्लीट झिजली की बदलायची, कारण झिजल्यावर सुटण्याची सवय बदलते. पुण्यात परत गेल्यावर पहिले काही महिने खरे उतार फ्लॅट पायडलवरच करणार. क्लिपलेस आधी सपाटीवर.

गेला आठवडाभर मी घराच्या भिंतीला एक हात लावून रोज प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवतो आणि सोडवतो. शेजारची पोरं मोजायला बसतात. काल आई ओट्यावर येऊन उभी राहिली. म्हणाली, "निघतो का पाय?"

म्हटलं, "निघतो."

"मधेच कुणी ढकललं तर?"

आणि खरंच तिनं हँडल ढकललं. पाय निघाला. उजवा. डावा नाही निघाला, भिंत होती म्हणून वाचलो. तेव्हा मंडळी, डाव्या पायाचे पन्नास आता शंभर झालेत, आणि नदीचा उतार अजून थोडा लांबच आहे.

तुमच्यापैकी कुणी दुखापतीनंतर परत सायकलवर बसलं असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. काय बदललंत, आणि पहिल्यांदा उतारावर जाताना काय वाटलं? पुढच्या भागात ब्रेकचा इतिहास. तोवर सांभाळून चालवा.