अनुदानाची यादी आणि शेतकऱ्याचे नाव

सरकारी दप्तरात वर्षे काढलेल्या आम्हां नोकरदारांना याद्यांचे अप्रूप उरत नाही. तगाईच्या काळापासून लाभ घेणाऱ्यांची यादी तयार होते, तिच्यावर सही-शिक्का पडतो आणि ती फडताळात जाते. ज्याच्या पैशातून ही मदत दिली गेली त्या करदात्यास ती यादी पाहण्याचा अधिकार आहे काय? या प्रश्नावरून युरोपात जो झगडा झाला, तो आम्ही मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे.

युद्धकाळातील उपासमारीची आठवण ताजी असताना १९६२ साली युरोपीय आर्थिक समुदायाचे सामायिक कृषिधोरण अंमलात आले. शेतमालास हमीभाव द्यावयाचा, हे त्याचे मूळ स्वरूप. पैसा भावातून वाहत असल्यामुळे तो नेमका कोणाच्या पदरात पडला, हे सांगणे कठीण असे. दिसत ते केवळ गुदामांत साठलेले लोण्याचे ढीग. १९९२ च्या सुधारणेने हमीभाव उतरवले आणि जमीन व जनावरे यांच्या हिशेबाने शेतकऱ्यास थेट रक्कम देण्याची पद्धत रूढ केली. तेव्हापासून प्रत्येक रकमेपुढे एक नाव आले. परंतु ते दप्तरातच राहिले.

दप्तर प्रथम उघडले ते डेन्मार्कमध्ये, २००४ साली, पत्रकारांच्या रेट्यामुळे. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये माहिती-स्वातंत्र्याचा कायदा अंमलात येताच तेथील यादीही बाहेर आली. लहान शेतकरी जगावा म्हणून ही मदत, अशी लोकांची समजूत. यादीत मात्र राजघराण्याच्या जमिनी आणि साखरेच्या धंद्यातील बडी कंपनी आढळली. थेट मदतीचा सुमारे ८० टक्के भाग सुमारे २० टक्के लाभधारकांकडे जातो, हे युरोपीय आयोगानेही मान्य केले आहे. २००७ साली सर्व सदस्यराष्ट्रांवर नावे प्रसिद्ध करण्याचे बंधन आले.

येथे कथेला वळण मिळाले. जर्मनीच्या हेसन राज्यातील शेतकरी न्यायालयात गेले. आमची मिळकत गावभर का व्हावी, हा त्यांचा सवाल. ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला : करदात्यास माहितीचा हक्क आहे, कंपन्यांची नावे प्रसिद्ध करण्यास प्रत्यवाय नाही, परंतु रक्कम, काळ व मदतीचे स्वरूप यांचा कोणताही भेद न करता प्रत्येक व्यक्तीचे नाव उघड करणे हे प्रमाणाबाहेर आहे. २०१३ च्या नव्या नियमांनी व्यक्तींची नावे पुन्हा प्रसिद्ध करावयास लावली, मात्र अगदी अल्प रक्कम घेणाऱ्यांच्या नावाऐवजी केवळ संकेतांक देण्याची सोय ठेवली.

आपल्याकडे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम अनुदान-योजनांच्या लाभार्थ्यांचा तपशील कोणी न मागताच प्रसिद्ध करण्यास सांगते. तरीही यादी मागणारा दारात आला की आमच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. गरिबाची अब्रू राखण्यासाठी आम्ही गुप्तता पाळतो, असे आम्ही म्हणतो. युरोपचा अनुभव सांगतो की गरिबाची अब्रू राखण्यास एक संकेतांक पुरतो. उरलेल्या गुप्ततेच्या आडोशाला बहुधा मोठी नावे उभी असतात. यादीवर सही करताना आपण नेमके कोणाला झाकत आहोत, एवढे तरी आम्ही स्वतःस विचारावे.