दोषारोपाचे अंतर्मुखीकरण : वऱ्हाडातील एका निबंधाच्या निमित्ताने

अत्याचाराला बळी पडलेले मूल ‘माझेच चुकले’ असे म्हणते, तेव्हा ते विधान कबुली म्हणून वाचायचे की अत्याचाराचाच अवशेष म्हणून, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच समीक्षेचाही आहे. प्रौढाची अपराधभावना मूल स्वतःत सामावून घेते, असे शांडोर फेरेन्त्सी यांनी १९३२ साली मांडले. रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९७९ मध्ये स्वतःच्या कृतीला दोष देणे आणि स्वतःच्या स्वभावालाच दोष देणे यांत भेद केला. दुसरा प्रकार अधिक विघातक होय.

या अंतर्मुख दोषाचे मूळ बाहेर असते, हे वऱ्हाडातील एका संहितेने फार पूर्वी ओळखले होते. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. या प्रकरणावरून समस्त स्त्रीजातीवर झालेल्या दोषारोपाला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) लिहून उत्तर दिले. तेव्हा वाशीम हा वऱ्हाडातीलच शेजारचा जिल्हा होता. स्त्रीला जो दोष चिकटवला जातो, त्याचे कर्तृत्व कोणाचे, असा ताराबाईंचा प्रतिप्रश्न आहे. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली; तरीही १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुनर्प्रकाशित करेपर्यंत हा निबंध जवळजवळ विस्मृतीत होता.

दोष बाहेरून कसा लादला जातो, याचा पुढचा दाखला विदर्भातच मिळतो. देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात, अंगावर जखमा नाहीत या बाबीला महत्त्व देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवले. प्रतिकाराचा पुरावा मागणे म्हणजे ‘तू का अडवले नाहीस’ हा प्रश्न पीडितेच्या मनात कायमचा रुजवणे होय. १९७९ मधील चार विधिज्ञांच्या खुल्या पत्रानंतर उभ्या राहिलेल्या चळवळीतून १९८३ ची कायदादुरुस्ती झाली.

मात्र ताराबाईंच्या निबंधाची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. तो दोषाची दिशा बदलतो. दोष वाहणाऱ्या मनाचा स्वर त्यात उमटत नाही. विजयालक्ष्मी तेथे निमित्त आहे, निवेदक नाही. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि पुन्हा माणसांशी जोडले जाणे अशा ज्या तीन टप्प्यांत सावरण्याची प्रक्रिया मांडली, तिच्या दुसऱ्या टप्प्याला असा स्वतःचा स्वर लागतो आणि तो विश्वासाने ऐकणारेही लागतात. म्हणून आत्मकथनांतील स्वदोषाची वाक्ये वाचताना समीक्षकाने न्यायाधीशाची भूमिका सोडावी आणि त्या वाक्यात कोणाचा आवाज शिरला आहे, याचा शोध घ्यावा. ताराबाईंचा प्रतिप्रश्न पुढे नेण्याचा मार्ग हाच आहे.