युद्ध सीमेवर, पाळत घरात

युद्धकाळात ‘देशाची सुरक्षा’ म्हटलं की प्रश्न विचारणाऱ्यांचं तोंड बंद होतं. म्हणून हा अलीकडचा इतिहास पाहू.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. दोनच दिवसांत रोसकोम्नाद्झोर या माध्यम-नियंत्रक खात्याने वृत्तमाध्यमांना बजावलं, याला ‘आक्रमण’ किंवा ‘युद्ध’ म्हणायचं नाही. ४ मार्चला कायदाच आला : सैन्याविषयी ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास. खोटं काय, हे अर्थात सरकारच ठरवणार!

मग १० मार्चला याच खात्याचं एक कपाट उघडलं. बाश्कोर्तोस्तान या प्रांतातल्या शाखेच्या ३ लाख ६० हजारांहून अधिक फायली, ८२० गिगाबाइट, ‘डीडीओसीक्रेट्स’ या संस्थेने जगापुढे ठेवल्या. त्या मिळवल्याचा दावा ‘ॲनॉनिमस’ या हॅकरांच्या नावाने झाला. काही कागद तर ५ मार्चचे, म्हणजे शाई ओली असतानाचे.

त्यांत रणगाड्यांचे नकाशे नव्हते. कारकुनी होती. कोण काय लिहितो, निदर्शनांची हाक कोण देतो, कुठलं पान ‘सरकारविरोधी’, कुठलं ‘सरकारच्या बाजूचं’, कुठलं ‘अराजकीय’, याच्या नोंदी. पाळत ठेवणारा इथे काळा चष्मा घालून फिरत नाही. तो खुर्चीत बसून तक्ते भरतो आणि वरच्या साहेबाला पाठवतो. नोकरशाहीला गुपितं प्रिय असतात, हे मॅक्स वेबरने शंभर वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. गुपित शत्रूपासून राखलेलं नव्हतं, आपल्याच जनतेपासून होतं.

बेलारूसच्या ‘सायबर पार्टिझन्स’नी नोव्हेंबर २०२२ मध्ये याच खात्याच्या हाताखालच्या केंद्रातून दोन टेराबाइटहून जास्त माहिती काढली. पुतिन यांच्यावरची टीका, टिंगलसुद्धा शोधून नोंदवली जात होती, हे पत्रकारांनी त्यातून दाखवलं.

‘ही चोरीच ना?’ असं कुणी म्हणेल. कायद्याने चोरीच. पण चोरीला गेलं ते लोकांवर ठेवलेल्या पाळतीचं दप्तर. मला खटकतं ते वेगळंच. अशा ढिगाऱ्यात पाळतीखालच्या साध्या माणसांची नावंही असतात, आणि सगळा ढीग उघडा टाकला की ती दुसऱ्यांदा उघडी पडतात. हॅकरांचा जयजयकार करणारे हे बहुधा विसरतात.

शिवाय ढीग स्वतः बोलत नाही. मार्चमध्ये फुटलेल्या त्या फायलींवरचा न्यूयॉर्क टाइम्सचा सविस्तर वृत्तांत यायला सप्टेंबर उजाडला. मधले सहा महिने फाईलमागून फाईल वाचण्यात गेले.