बोम्मई निकाल काय सांगतो? सरकार बरखास्तीला लागलेला लगाम

सगळी सत्ता एकाच हाती गेली, की तिला अडवणारं कुणी उरत नाही. म्हणून राज्यघटनेने कायदे करणं विधिमंडळाकडे, कारभार सरकारकडे आणि न्यायनिवाडा न्यायालयाकडे दिला. शिवाय एकमेकांवर लक्ष ठेवायची सोयही केली. ती कशी चालते, हे कर्नाटकातल्या एस. आर. बोम्मई खटल्यावरून नीट कळतं.

२१ एप्रिल १९८९ रोजी कलम ३५६ लावून मुख्यमंत्री बोम्मई यांचं जनता दल सरकार बरखास्त करण्यात आलं. १९ आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे गेली होती. त्यातल्या काहींनी नंतर माघारही घेतली. बोम्मई सभागृहात बहुमत सिद्ध करायला तयार होते, पण संधी मिळाली नाही. उच्च न्यायालयातही ते हरले.

११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला:

• बहुमताचा फैसला राजभवनात नव्हे, विधानसभेत व्हायला हवा.
• राष्ट्रपती राजवटीची घोषणा न्यायालय तपासू शकतं.
• संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येत नाही.

बोम्मईंना खुर्ची परत मिळाली नाही. कर्नाटकात १९८९ मध्येच निवडणूक होऊन गेली होती. उपयोग पुढच्यांना झाला. १९९९ मध्ये बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार केंद्राने हटवलं, पण राज्यसभेत बहुमत नसल्याने घोषणा मागे घ्यावी लागली. विधानसभा शाबूत होती, म्हणून तेच सरकार परत आलं.