खगोलशिक्षण, बालकांचे (महाराष्ट्रातील)

आकाशस्थ ज्योती, त्यांच्या गती व अवकाशातील मानवी संचार यांची ओळख शालेय वयातील मुलामुलींना करून देण्याचे प्रयत्न या संज्ञेत अभिप्रेत आहेत. महाराष्ट्रातील त्यांचा इतिहास शाळेपुरता मर्यादित नाही. ग्रंथ, नियतकालिके, तारांगणे व हौशी मंडळे यांमधूनही तो घडला आहे. महानगरांपासून दूर असलेल्या देवळा (जि. नाशिक) व कसमादे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भोवतालच्या कळवण, सटाणा, मालेगाव परिसरातील मुलांपर्यंत त्याचा किती अंश पोहोचला, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न होय.

या प्रदेशाच्या पूर्वेस, चाळीसगावनजीकच्या पाटण येथे खगोलविद्येच्या अध्यापनाचा एक जुना पुरावा आहे. भाऊ दाजी लाड (१८२२–७४) यांनी प्रकाशात आणलेल्या तेथील शके ११२८ च्या शिलालेखानुसार भास्कराचार्यांचा (जन्म १११४) नातू व यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चंगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणि व इतर ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. निकुंभ वंशातील सोइदेवाने चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्यास दान दिले. लेखाचा अखेरचा भाग जुन्या मराठीत असून त्यात बाजारातील करांचा वाटा मठाकडे लावून दिला आहे. चालू असलेल्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेलही मठाला मिळे. विद्वानांचे लक्ष बहुधा लेखातील वंशावळीकडे व भाषेकडे जाते. परंतु ग्रहगणिताच्या शाळेचा खर्च गावच्या तेल्या-वाण्यांवर बसविला होता, ही गोष्टही तितकीच लक्षणीय आहे. अर्थात हे शिक्षण संस्कृतातील व मोजक्या कुळांपुरते होते.

मराठीतून सामान्य विद्यार्थ्यास ही विद्या मिळू लागली ती एकोणिसाव्या शतकात. कुलाबा वेधशाळेशी संबंध आलेल्या बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी शाळांसाठी गणिती भूगोल लिहिला. केरो लक्ष्मण छत्रे यांची ग्रहसाधनाची कोष्टके १८६० मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र मुलाला पुस्तकातून उठवून अंगणात नेण्याचे श्रेय प्रामुख्याने शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३–९८) यांचे. मुरूड (जि. रत्नागिरी) येथे जन्मलेले दीक्षित पेशाने शाळाशिक्षक होते, काही काळ ते धुळ्याच्या अध्यापक प्रशिक्षण शाळेतही होते. भारतीय ज्योतिषशास्त्र (१८९६) या त्यांच्या ग्रंथाची कीर्ती मोठी. पण शिक्षणाच्या दृष्टीने ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज हे पुस्तक अधिक मोलाचे ठरते. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, जवळजवळ शाळेचा एक तास. फरक इतकाच की तो रात्री भरवावयाचा.

कसमादेतील शेतकरी कुटुंबात वाढलेल्या मुलास नक्षत्रांची नावे शाळेपूर्वीच ठाऊक असतात. रोहिणी, मृग, आर्द्रा यांवर पेरणीची गणिते बसविलेली असतात. परंतु जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ‘मृग लागला’ असे म्हणतात, तेव्हा सूर्य त्या नक्षत्रात असल्यामुळे मृगाचे तारे दिसूच शकत नाहीत. तेच नक्षत्र, उन्हाळ कांद्याची लागवड चालू असते त्या डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी, ओळीतील तीन ताऱ्यांच्या बाणासह पूर्वेस उगवलेले दिसते व मागून तेजस्वी व्याध वर येतो. पंचांगातील मृग व आकाशातील मृग एकच, हे ज्याला उमगले त्याला पृथ्वीचे सूर्याभोवतीचे भ्रमण निम्मे समजले. पाठ्यपुस्तकांनी या घरच्या भांडवलाचा उपयोग फारच थोडा केला.

सृष्टिज्ञान मासिक १९२८ मध्ये सुरू झाले. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली व १९५४ मध्ये तेथील न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण उभे राहिले. त्यास आशियातील पहिले तारांगण म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि जपानमधील ओसाका येथे १९३७ मध्येच तारांगण झाले होते, हे ध्यानात घ्यावयास हवे. शाळेच्या वास्तूत तारांगण असणे, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये खुले झाले. पुढे नाशिक शहरातही यशवंतराव चव्हाण तारांगण उभारण्यात आले.

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या वेळी मुंबईतील रस्ते ओस पडले होते व मुले घरात कोंडली गेली होती. हॅलीच्या धूमकेतूच्या १९८५–८६ मधील आगमनाने वातावरण पालटले. मुंबईचे खगोल मंडळ त्याच सुमारास आकारास आले व वांगणी येथील त्याची रात्रीची आकाशदर्शने विद्यार्थ्यांच्या परिचयाची झाली. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी पुण्याच्या आयुका (स्थापना १९८८) या संशोधनसंस्थेत शाळकरी मुलांसाठी व्याख्याने सुरू केली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलास ते पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठविण्यास सांगत व स्वतः उत्तर देत. तालुक्याच्या गावातील मुलास पुण्याचे तिकीट परवडत नसले, तरी पोस्टकार्ड परवडत होते. पु. ल. देशपांडे यांच्या कुटुंबाच्या देणगीतून आयुकाच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिकेची वास्तू झाली.

अवकाश संशोधनाची ओळख भारतात थुंबा येथील १९६३ च्या अग्निबाण उड्डाणानंतर वृत्तपत्रांतून होऊ लागली. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने २०१९ मध्ये नववीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘युविका’ हा उपक्रम आरंभिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान–३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशाजवळ उतरले व तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी ऑलिंपियाड २०२५ मध्ये मुंबईत भरले. अशा स्पर्धांपर्यंत पोहोचणारी मुले थोडीच असतात आणि निवडीच्या वाटा बहुधा शहरांतून जातात.

उपकरणांवाचून होण्याजोगे बरेच काही देवळ्यातही आहे. गावाचा अक्षांश सुमारे २०·५° उत्तर असल्याने ध्रुवतारा क्षितिजापासून तितक्याच उंचीवर दिसतो. हात ताणून धरलेली मूठ सुमारे १०° व्यापते, तेव्हा दोन मुठींत अक्षांश मोजून होतो. सूर्य वर्षातून दोनदा, मे व जुलै महिन्यांच्या साधारण २२ तारखेच्या आसपास, मध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मात्र मे महिन्यात शाळेला सुटी असते, आणि जुलैत बहुधा आभाळ भरलेले असते.