उष्णतारोधी रबर : वाफेवरील उद्योगांतील निवडीचा इतिहास

उष्णतारोधी रबर : दीर्घकाळ उष्णतेत राहूनही ज्याची स्थितिस्थापकता, बळकटी व गळती रोखण्याची क्षमता पुरेशी टिकते, अशा रबरास उष्णतारोधी रबर म्हणतात. वाफ, गरम तेल किंवा गरम हवा वापरणाऱ्या उद्योगांत नळ्या, सांध्यांतील गॅस्केटे, झाकणांच्या पट्ट्या व रुळांची वेष्टने यांसाठी ते लागते. रबर किती अंशांपर्यंत टिकते, एवढ्यावरून त्याची निवड करता येत नाही. ते कशाच्या सान्निध्यात व किती काळ तापते हेही पाहावे लागते. उद्योगांना हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आले. सोलापूरसारख्या कापडनगरीच्या संदर्भात हे टप्पे स्पष्ट दिसतात.

कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट व थंडीत कडक होते. गंधकासह तापविल्यास हा दोष जातो, असे चार्ल्स गुडइयर यांना अमेरिकेत १८३९ मध्ये आढळून आले. इंग्लंडमध्ये टॉमस हॅनकॉक यांनीही याच सुमारास ही प्रक्रिया विकसित केली. या व्हल्कनीकरणामुळे रबर यंत्रांत वापरण्याजोगे झाले. सोलापूरची पहिली कापड गिरणी (लोकांच्या बोलण्यातील ‘जुनी गिरणी’) १८७७ मध्ये सुरू झाली, तेव्हा उद्योगांना नैसर्गिक रबराखेरीज दुसरे रबर उपलब्ध नव्हते. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू व जाम या गिरण्या निघाल्या, त्या काळातही हीच स्थिती होती.

वातावरणापेक्षा ७ बार अधिक दाबाच्या संपृक्त वाफेचे तापमान सु. १७०° से. असते; नैसर्गिक रबर मात्र सतत वापरात सु. ७०° ते ८०° से. पर्यंतच टिकते. त्याच्या रेणुसाखळीतील द्विबंधांवर ऑक्सिजनाची विक्रिया होते व गंधकाचे बंध तुटतात. परिणामी रबर मऊ पडते अथवा कडक होऊन तडकते. स्थूलमानाने तापमान १०° से. ने वाढल्यास या विक्रियांचा वेग दुप्पट होतो, म्हणजेच रबराचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणून वाफेच्या सांध्यांसाठी ॲस्बेस्टसाचे तंतू रबरात बांधून दाबलेले पत्रे जगभर रूढ झाले. ते उष्णतेत टिकत. परंतु ॲस्बेस्टसाच्या धुळीने फुप्फुसांचे विकार व कर्करोग होतात, हे पुढे सिद्ध झाले. त्यानंतर ग्रॅफाइट व ॲरामिड तंतू यांचे पर्याय पुढे आले.

संश्लेषित रबरांमुळे निवडीस वाव मिळाला. क्लोरोप्रीन रबर १९३१ मध्ये अमेरिकेत जाहीर झाले. त्याच दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झाले. ते खनिज तेलात फुगत नाही व सु. १००° से. पर्यंत चांगले टिकते. सिलिकोन रबर १९४० नंतरच्या दशकात आले. त्याची साखळी सिलिकॉन व ऑक्सिजन यांची असल्याने कोरड्या हवेत ते सु. २००° से. पर्यंत टिकते, मात्र अधिक दाबाच्या वाफेत पाण्यामुळे ही साखळी तुटते. फ्ल्युओरोकार्बन रबर (व्हिटॉन, १९५७) गरम तेलात उत्तम टिकते. पण त्याचे नेहमीचे प्रकार वाफेला व तीव्र अल्कलींना योग्य नसतात. १९६० नंतर प्रचारात आलेल्या एथिलीन-प्रोपिलीन रबराच्या (ईपीडीएम) मुख्य साखळीत द्विबंध नसतात. पेरॉक्साइडाने व्हल्कनीकरण केलेले हे रबर सु. १५०° से. पर्यंत वाफेत टिकते, परंतु खनिज तेलात फुगून निकामी होते.

चादरी व टॉवेल यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोलापूरसारख्या केंद्रातील प्रक्रियांत हे सर्व भेद एकत्र आढळतात. सायझिंगमध्ये ताण्याचे सूत गरम खळीतून काढून रबरवेष्टित रुळांखाली पिळतात. येथे उष्णतेबरोबर झीजही सोसावी लागते. सूत रंगविण्याच्या बंद पात्रात गरम पाणी, कॉस्टिक सोडा व विरंजक द्रव्ये असतात. त्याच्या झाकणास ईपीडीएम योग्य ठरते. शेजारच्या दंतचक्रपेटीतील तेलरोधक कड्यास मात्र तेच रबर घातक असून तेथे नायट्राइल रबर हवे. दोन्ही कडी काळी व दिसण्यात सारखीच असल्याने अदलाबदल सहज घडते. वाफेच्या नळीत पाण्यासाठीचे रबर वापरल्यास ती फुटून कामगार भाजण्याचा धोका असतो.

उष्णता हा एकच निकष मानणे किती महाग पडते, याचे उदाहरण अमेरिकेच्या अवकाश इतिहासात आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अवकाशयान उड्डाणानंतर नष्ट होऊन ७ अंतराळवीर मृत्यू पावले. अग्निबाणाच्या सांध्यातील कडी उष्णतेस चिवट अशा फ्ल्युओरोकार्बन रबराची होती. परंतु त्या सकाळच्या थंडीत तिची स्थितिस्थापकता मंदावली व सांध्याची सदोष रचना उघडी पडली.

म्हणून रबराची मागणी नोंदविताना कमाल व किमान तापमान, वाफ, तेल वा रसायन, दाब, हालचाल आणि अपेक्षित आयुष्य यांचा उल्लेख आवश्यक असतो. दाब काढल्यावर रबर किती प्रमाणात मूळ जाडीवर येत नाही, ही चाचणीही महत्त्वाची आहे. कारण चपटे राहिलेले गॅस्केट न तुटताही गळू लागते. कोणतेही रबर कायमचे उष्णतारोधी नसते. त्यामुळे योग्य निवडीनंतरही नियमित तपासणी व मुदतीत बदल यांवरच यंत्राची व त्यावर काम करणाऱ्याची सुरक्षितता अवलंबून असते.