जिवती तालुका : प्रशासकीय हस्तांतर

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगराळ वनप्रदेशात वसलेला आणि तेलंगणाच्या सीमेला भिडलेला हा तालुका. एका शासनाकडून दुसऱ्याकडे, एका जिल्ह्याकडून दुसऱ्याकडे आणि एका खात्याकडून दुसऱ्याकडे प्रदेश व अधिकार सोपविले गेले, म्हणजे दप्तर, कायदा, नोकरवर्ग आणि रयतेचे हक्क यांची काय गती होते, हे जाणू इच्छिणाऱ्या अभ्यासकास मराठी मुलखात याहून बोधप्रद उदाहरण क्वचितच आढळेल.

सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईपर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली, आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात मोडत असे. तेथील मुलकी दप्तर उर्दूत चाले, जमाबंदी फसली सनाने होई आणि जमीनमहसुलाचा मूळ कायदा 1317 फसलीचा होता. डोंगरावर गोंड व कोलाम यांची वस्ती होती. राज्यपुनर्रचना अधिनियमान्वये 1 नोव्हेंबर 1956 रोजी आदिलाबाद जिल्ह्यातून राजुरा व किनवट हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तोडून ते विस्तारित मुंबई राज्यास जोडण्यात आले.

या अधिनियमातील हस्तांतराच्या तरतुदी विचारपूर्वक रचलेल्या होत्या. प्रदेश एका राज्यातून दुसऱ्यात गेला तरी तेथे लागू असलेला कायदा त्यामुळे आपोआप बदलत नाही, सक्षम विधिमंडळ तो बदलीपर्यंत पूर्वीचाच चालू राहतो, असे कलम 119 मध्ये नमूद होते. जुने कायदे नव्या राज्यास अनुरूप करून घेण्यास कलम 120 ने एक वर्षाची मुदत दिली होती. आणि राज्याराज्यांत वाटून दिल्या गेलेल्या नोकरवर्गाच्या सेवाशर्ती केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून त्यांच्या अहिताच्या होतील अशा रीतीने बदलू नयेत, असे बंधन कलम 115 ने घातले होते. कायदा आणि नोकरवर्ग यांची अशी काळजी वाहणाऱ्या या अधिनियमाने जमिनीच्या कागदाची आणि गावाच्या शिवेची तेवढीच काळजी वाहिली असती, तर पुढचा पुष्कळ क्लेश टळला असता, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

राजुरा तालुका प्रथम नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. किनवट व राजुरा यांच्या मध्ये आदिलाबादचा मुलूख आडवा पसरलेला असल्याने ही व्यवस्था टिकणारी नव्हती, आणि 1959 मध्ये तो वर्धा नदीपलीकडच्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यास देण्यात आला. चांदा जिल्हा स्वतःच 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. तेथे 1954 ची मध्य प्रदेश जमीनमहसूल संहिता चाले. त्यामुळे एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या कचेरीत नदीच्या एका तीरास एक कायदा आणि दुसऱ्या तीरास दुसरा, अशी स्थिती राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 15 ऑगस्ट 1967 पासून अमलात आली तेव्हा हा द्विविध कारभार संपला. जुन्या राजुरा तालुक्याच्या परिसरातून जिवती हा स्वतंत्र तालुका 2001 च्या जनगणनेनंतर निर्माण झाला.

महसूल आणि वन या दोन खात्यांमधील अधिकारविभागणी हा या तालुक्याचा सर्वांत बिकट प्रश्न होय. साठ-सत्तरच्या दशकांत, विशेषतः 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास, मराठवाड्यातून बंजारा, महार, मांग, मराठा इत्यादी समाजांची अनेक कुटुंबे पोटासाठी या डोंगरावर आली आणि जंगल मोकळे करून कसू लागली; या वहिवाटीस विदर्भात जबरानजोत म्हणतात. त्यानंतर दोन बदल झाले, आणि दोन्ही दूर दिल्लीत झाले. 42 व्या घटनादुरुस्तीने वन हा विषय राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेला, आणि 1980 च्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन अन्य कामास देण्याचा अखेरचा अधिकार केंद्राकडे गेला. तहसीलदारास गाव दिसते, शाळा दिसते, उभे पीक दिसते. परंतु दप्तरात ती भूमी वन म्हणून दाखल असल्याने सातबारा देण्याची शक्ती त्याच्या लेखणीत उरलेली नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानेही आदिवासी नसलेल्यांकडून तीन पिढ्यांच्या, म्हणजे 75 वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा मागितला. साठच्या दशकात आलेल्या कुटुंबास तो देणे अशक्य आहे. साडेआठ हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र वनातून वगळावे ही मागणी याच कोंडीतून उद्भवली आहे. वनाचे रक्षण अवश्य झाले पाहिजे. पण दोन पिढ्यांनी कसलेल्या शेतास कागदावर अरण्य म्हणत राहिल्याने अरण्य वाढत नाही.

सीमेवरील 14 वाड्या-गावांत तर हस्तांतर अद्याप पुरे झालेले नाही. मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर, महाराजगुडा आदी गावांवर महाराष्ट्राचा आणि पूर्वी आंध्र प्रदेशाचा, आता तेलंगणाचा, असा दुहेरी अंमल चालतो. तेथे मराठी शाळा आहे आणि तेलुगूही, दोन्ही राज्यांची शिधापत्रिका आहे, दोन्हीकडे मतदानही होते. दोन्ही सरकारे योजना देतात खरी, पण जमिनीच्या मालकीचा निर्विवाद कागद कोणीच देत नाही. जुलै 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने ही गावे पूर्णतः चंद्रपूर जिल्ह्यात सामावून घेण्याची प्रक्रिया आरंभिल्याचे जाहीर केले.

या सामीलीकरणात एक प्रश्न दुर्लक्षून चालणार नाही. लंबाडा म्हणजे बंजारा समाज 1976 च्या कायद्याने तेलंगणात अनुसूचित जमातींत गणला गेला, महाराष्ट्रात मात्र तो विमुक्त जातींत मोडतो. अंमल एकाच राज्याचा झाला म्हणजे त्याच घरातील मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतील राखीव जागा आणि वनहक्काचा दावा यांचे स्वरूप पालटेल. म्हणून सीमा कायम करण्याचा हुकूम काढण्यापूर्वी पलीकडच्या शासनाने दिलेले दाखले कोठवर मानावयाचे, याची लेखी तजवीज दोन्ही राज्यांनी एकत्र बसून केली पाहिजे आणि ती ग्रामसभेत मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी जाणणाऱ्यांकरवी वाचून दाखविली पाहिजे.